एकटीने सायकलवर कोकण किनारा: निघण्याआधी ठाण्यात दोन रात्री. नातेवाइकांकडे राहू की लॉजवर?

पवनारकाठ

नमस्कार मंडळी. मी वर्ध्याची. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं शिकवलं, या जूनमध्ये निवृत्त झाले. दिवाळीनंतर रेवसपासून वेंगुर्ल्यापर्यंत सायकलने जायचं ठरवलं आहे. एकटीने. घाई नाही. रोज ४० किलोमीटरच्या आत, जमेल तिथे मुक्काम. सायकल २१ गिअरची आहे आणि गेली सहा वर्षं रोज पवनारपर्यंत जाऊन येते, त्यामुळे पायांची काळजी नाही.

समुद्र मी चार वेळा पाहिला आहे, चारही वेळा शाळेच्या सहलीत. आणि चारही वेळा त्याच्याकडे पाठ करून उभी होते. तोंड मुलांकडे, ओठांवर आकडे. एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. एक पोर कमी भरलं की पोटात खड्डा पडायचा. यावेळी मोजायला कुणी नाही, म्हणूनच जाते आहे.

आता प्रश्न. रात्रीच्या गाडीने निघून दशमीला ठाण्यात येईन, द्वादशीला पहाटे उरणजवळच्या करंज्याहून रेवसला जाणाऱ्या लाँचसाठी निघेन. मधल्या दोन रात्री ठाण्यात. माझे चुलत दीर आणि जाऊबाई घोडबंदर रोडला राहतात, कासारवडवलीच्या पुढे. माणसं अतिशय प्रेमाची आहेत. जाऊबाईंनी फोनवर सांगितलं की खोली आवरून ठेवली आहे. मला मात्र त्या दोन रात्री एकटीने काढायच्या आहेत, स्टेशनच्या आसपास एखाद्या साध्या लॉजवर. आयुष्यात आजवर एकटीने खोली घेतलेली नाही. हॉटेलात एकटी बसून जेवलेलीही नाही. पहिल्यांदा हे सगळं मुरूडला किंवा हर्णैला करण्यापेक्षा ठाण्यात करून पाहावं, असं वाटतं.

हे त्यांना सांगावं का? सांगायचं तर कसं? आणि ठाण्यात त्या दोन दिवसांत काय करून घ्यावं, तेही सांगा.

मोरपिसारा

ताई, आधी मनापासून अभिनंदन. पण मी तुमच्या जाऊबाईंच्या जागी असते तर मला फार लागलं असतं. घरात खोली असताना आपलं माणूस लॉजवर उतरतं, हे शेजारीपाजारी कळलं तर काय, हा प्रश्न नंतरचा. मलाच आधी वाटलं असतं की आमचं काय चुकलं? पुढचे वीस दिवस तुम्ही एकट्याच असणार आहात. या दोन रात्री घरचं जेवण, गरम पाणी आणि कुणाशी तरी बोलणं मिळत असेल तर ते का सोडायचं?

तलावपाळीकर

मी जन्मापासून ठाण्याचा, म्हणून भावनेचं बाजूला ठेवून रस्त्याचं सांगतो. कासारवडवलीहून पहाटे सायकलने निघणं मला पटत नाही. घोडबंदर रोडवर पहाटे अवजड गाड्यांची रांग असते. गुजरातकडून येणारी आणि न्हावा शेवाकडे जाणारी वाहतूक तिथूनच जाते. त्यात मेट्रोच्या कामाने रस्ता जागोजागी अरुंद झाला आहे. तिथून ठाणे स्टेशनला यायलाच दहा-बारा किलोमीटर आणि तेही सगळ्या प्रवासातले सगळ्यात वाईट. नौपाड्यात किंवा स्टेशनजवळ राहिलात तर कळवा पूल हाकेच्या अंतरावर आहे. पुलापलीकडे विटावा, दिघा, ऐरोली आणि मग ठाणे-बेलापूर रस्ता सरळ आहे. जाऊबाईंना हेच कारण सांगा. खोटं नाही आणि कुणाला लागणारही नाही.

पवनारकाठ

तलावपाळीकर, कारण खरं आहे, पण माझं कारण ते नाही. रस्ता चांगला असता तरी मला लॉजवरच राहायचं होतं. त्यांना दुसरंच काही सांगितलं तर पुढे दर फोनवर ते सांभाळत बसावं लागेल.

मोरपिसारा, तुमचं म्हणणं वाचून मी दोन दिवस विचार करत होते. ‘आमचं काय चुकलं’ असं त्यांना वाटेल, हीच माझी भीती आहे.

सायकलस्वार_ऐरोली

मुक्कामाचं तुमचं तुम्ही ठरवा, मी सायकलचं बोलतो. ती गाडीत कशी आणणार? ब्रेकव्हॅनमधून लगेज म्हणून बुक करणार असाल तर एक लक्षात घ्या. लांब पल्ल्याची गाडी ठाण्यात दोन-तीन मिनिटंच थांबते. तेवढ्यात पार्सलवाले सायकल उतरवून देतील या भरवशावर राहू नका. शेवटच्या स्थानकापर्यंत, म्हणजे सीएसएमटीपर्यंत बुक करा, तिकीटही तिथपर्यंतचंच काढा. तिथे शांतपणे सोडवून घ्या आणि गर्दी ओसरल्यावर, अकरा-साडेअकराला, लगेजचं तिकीट काढून धीम्या लोकलच्या मालडब्यातून ठाण्याला या.

पॅकिंग गोणपाटाचं करा. पेडल काढून पिशवीत, हँडल वळवून फ्रेमला समांतर, मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, पुठ्ठ्याने झाका. नाव, पत्ता, फोन आणि कुठून कुठे हे दोन ठिकाणी लिहा. पाण्याची बाटली, दिवा, पंप असं सुटं काहीही सायकलवर ठेवू नका.

आणि ठाण्यातला एक दिवस निव्वळ सायकलसाठी राखून ठेवा, ही कळकळीची विनंती. दोन्ही पॅनिअर (कॅरिअरला लटकवायच्या पिशव्या) पूर्ण भरून, म्हणजे प्रवासात असेल तेवढंच वजन घेऊन, सकाळी उपवनला या आणि तिथून येऊरचा चढ चढा. वर्ध्याकडचा रस्ता सपाट आहे. कोकणात किनाऱ्याचा रस्ता म्हणजे खाडीला उतरायचं आणि पुन्हा सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर चढायचं. दिवसातून चार-चार वेळा. भरलेली सायकल चढावर कशी वागते, ते पहिल्यांदा केळशी-आंजर्ल्याच्या बाजूला कळण्यापेक्षा येऊरला कळलेलं बरं. काही सुटलं, वाकलं, तर खाली शहरात दुकानं आहेत.

अनुस्वार

ठाण्यातून एवढं वळण घेऊन उरणला कशाला जायचं? सीएसएमटीलाच सायकल मिळणार आहे, तर शिवडीहून अटल सेतू धरा. २२ किलोमीटरमध्ये थेट पलीकडे.

सायकलस्वार_ऐरोली

अनुस्वार, अटल सेतूवर सायकलला परवानगी नाही. दुचाकी आणि रिक्षालाही नाही. ताई, कुणी सांगितलं तरी तिकडे वळू नका.

द्रोणागिरी

मी उरणची, माहेर करंज्याचं. लाँचबद्दल विचारणारं कुणी आलं की मला बरं वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते.

लाँचला सायकल घेतात, तिचं वेगळं तिकीट असतं. पलीकडे रेवस, पंधरा-वीस मिनिटांचं पाणी. पण वेळापत्रकाइतकीच भरती-ओहोटीही बघायची असते. रेवसच्या बाजूला गाळ साचतो, ओहोटीला लाँच लावायला त्रास होतो आणि सायकल उचलून चढवता-उतरवताना पायरी उंच पडते. आमच्याकडे जुनी माणसं घड्याळाशिवाय भरती सांगतात. पंधरवड्याची तिथी घ्या, तिला पाऊणने गुणा, येईल तितक्या वाजता भरती. अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे धरा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. तुम्ही द्वादशीला निघणार म्हणता. बारा पाऊणे नऊ. सकाळी नऊला भरलेलं पाणी, याहून चांगला दिवस नाही. साडेआठला धक्क्यावर या, खिडकीवर विचारून घ्या.

आता रस्त्याचं. गव्हाण फाट्यापासून करळ फाट्यापर्यंत कंटेनरचे ट्रेलर चालतात, एकामागे एक. न्हावा शेवा बंदर १९८९ साली सुरू झालं तेव्हापासून आमचा हा रस्ता आमचा राहिलेला नाही. विमानतळाच्या बाजूचे रस्ते तर दर महिन्याला बदलतात. भरलेली सायकल घेऊन एकटीने तिथून जाऊ नका. जानेवारी २०२४ पासून लोकल उरणपर्यंत येते. नेरूळहून किंवा बेलापूरहून बसा, बामणडोंगरी, खारकोपर, न्हावा शेवा, द्रोणागिरी करत उरणला उतरा. गाड्या मोजक्या आहेत, वेळ आधी बघून ठेवा. उरण स्टेशनहून करंज्याचा धक्का सायकलला अर्ध्या तासाचा आहे.

रेल्वेने आलात तर जासई लागणार नाही, याचं मला वाईट वाटतं. जानेवारी १९८४ मध्ये सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आमची माणसं तिथे रस्त्यावर उतरली. १६ आणि १७ तारखेला गोळीबार झाला, पाच जण गेले. साडेबारा टक्के जमीन परत देण्याची योजना त्यातून आली. माझे काका त्या गर्दीत होते. नवी मुंबईतून जाणाऱ्या प्रत्येकाने हे नाव एकदा तरी ऐकावं, म्हणून लिहिलं. परतीच्या वाटेवर वेळ असेल तर जासईला उतरा, हुतात्म्यांचं स्मारक आहे.

मोरपिसारा

द्रोणागिरी, तिथीचं गणित मला माहीत नव्हतं. वहीत उतरवून घेतलं.

पन्नाशीची_प्रवासी

पवनारकाठ, मी तुमच्याच बाजूने आहे, पण लॉजबद्दल सावध करते. मी एकटी फिरते. राज्यात अजूनही काही ठिकाणी एकट्या बाईला खोली देत नाहीत. तोंडावर सांगत नाहीत. ‘फुल आहे’ म्हणतात. म्हणून फोन करताना पहिल्याच वाक्यात सांगा: मी एकटी आहे, वय अमुक, दोन रात्री, सोबत सायकल आहे. तिथे आढेवेढे घेतले तर पुढच्या नंबरला लावा, वाद घालू नका. मूळ आधार कार्ड हाताशी ठेवा. खोली दाखवा म्हणा आणि आतली कडी स्वतः लावून बघा. पहिला मजला मागा. सायकल रात्री कुठे राहील ते आगाऊ पैसे देण्याआधी ठरवून घ्या. जिन्याखाली कुलपात चालेल, रस्त्यावर नाही.

आणि मोरपिसारा, तुम्हाला एक सांगू का? मी पहिल्यांदा एकटी निघाले तेव्हा नणंदेकडे उतरले होते. इतकं केलं तिने, की तिसऱ्या दिवशी निघताना मला रडू आलं आणि पुढे जावंसंच वाटेना. दोन दिवस दुसऱ्याने ताट वाढलं की आपलं आपण विचारून जेवायची हिंमत कुठेतरी विरते. प्रेमाच्या घरातून निघणं लॉजमधून निघण्यापेक्षा फार अवघड असतं. ताईंना हे आधीच कळलं आहे, याचं मला कौतुक वाटतं.

मोरपिसारा

हे मी या बाजूने पाहिलंच नव्हतं. माझ्याकडे पाहुणे येतात तेव्हा मी त्यांना हात लावू देत नाही, त्याचाच मला अभिमान होता. ताई, मग जाऊबाईंना सरळ खरं सांगा. पण पत्र किंवा मेसेज नको, फोन करा. आणि एक संध्याकाळ त्यांच्यासाठी ठेवा.

तलावपाळीकर

संध्याकाळ ठेवणार असाल तर आमच्या तलावपाळीवर ठेवा. मासुंदा तलाव स्टेशनहून दहा मिनिटांच्या पायी अंतरावर आहे. एका अंगाला कौपिनेश्वराचं देऊळ, दुसऱ्या अंगाला गडकरी रंगायतन. पाच वाजल्यापासून कठडा माणसांनी भरतो. एकट्या बसलेल्या बाईकडे तिथे कुणी वळून बघत नाही, कारण निम्मं ठाणं एकेकटंच येऊन बसलेलं असतं. सकाळी मिसळ खायची तर तहसील कचेरीजवळची मामलेदार. तिखट सोसत नसेल तर ‘कमी तिखट’ सांगा, ती सुद्धा झणझणीत असते. एकटीने जेवायची सवय करायला मिसळीचं टेबल उत्तम. अनोळखी चार माणसं शेजारी बसतात आणि कुणी काही विचारत नाही. दोरी, नट-बोल्ट, चणे-दाणे, गूळ सगळं जांभळी नाक्याला मिळेल.

एक अवांतर, पण ठाणेकराला राहवत नाही. १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून सुटली ती ठाण्यापर्यंत आली, ३४ किलोमीटर. तुम्ही सायकल घेऊन मालडब्यातून याल ती हीच वाट.

सायकलस्वार_ऐरोली

ताई, द्वादशीला पहाटे मी कळवा पुलावर येतो, नेरूळपर्यंत सोबत करतो. रोज तोच रस्ता आहे माझा.

पवनारकाठ

दादा, तुमच्या या एका ओळीने फार आधार वाटला. पण सोबत नको. रस्ता नीट कळावा म्हणून तुम्ही काय बघता, कुठे सावध राहता, तेवढं लिहून द्या. ते मी पाठ करेन.

सायकलस्वार_ऐरोली

समजलं. लिहितो.

पुढचा पांढरा आणि मागचा लाल, दोन्ही दिवे उजाडेपर्यंत चालू. कळवा पुलावर डावी बाजू सोडू नका. विटाव्याजवळ रेल्वेच्या पुलाखालचा रस्ता ओला असतो, तिथे ब्रेक जपून. ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे उड्डाणपूल घेऊ नका, बाजूच्या रस्त्याने जा. कारखान्यांच्या बस डावीकडे अचानक थांबतात, त्यांच्या अगदी मागे राहू नका. तुर्भ्याला ट्रक वळतात, तिथे उतरून चालत ओलांडलं तरी चालेल. सानपाड्याहून पाम बीच रस्ता रुंद आहे पण गाड्या सुसाट असतात; कडेने चला. डावी-उजवीकडे पाणथळ दिसलं की नजर टाका, नोव्हेंबरच्या अखेरीस रोहित पक्षी यायला लागतात. नेरूळ स्टेशन. झालं.

द्रोणागिरी

आणि पुढचंही ऐका. दुपारनंतर किनाऱ्यावर वारा बहुतेक वायव्येचा असतो, म्हणजे दक्षिणेला जाणाऱ्याच्या पाठीशी. चढाचे टप्पे सकाळी उरकून घ्या, दुपारी वारा मदत करेल. फेरीबोटी क्रमाने आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. त्या मोठ्या आहेत, गाड्या चढतात, सायकल ढकलत न्यायची. उचलावी लागते ती फक्त आमच्या करंज्याला. अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून रेवस-रेड्डी सागरी मार्गाचं ऐकत आलो आहोत. पूल होईल तेव्हा होईल, तुम्हाला अजून लाँच मिळते आहे.

पवनारकाठ

ठाण्यातून लिहिते आहे, एकादशीची रात्र. सगळ्यांना सांगायचं राहून जाऊ नये म्हणून झोपण्याआधी लिहून टाकते.

जाऊबाईंना निघायच्या आठ दिवस आधी फोन केला. सांगितलं की रागावू नका, तुमच्याकडे यायचं नाही असं नाही, मला दोन रात्री एकटीने राहून बघायचं आहे. पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग म्हणाल्या, “घरी नाही तर नाही, भेटणार तरी कुठे?”

लॉजसाठी पाच फोन केले. दोघांनी ‘फुल आहे’ सांगितलं. त्यातल्या एकाने आधी तारीख विचारून जागा आहे म्हटलं होतं आणि एकटी म्हटल्यावर फुल झालं. तिसऱ्याने भाडं फार सांगितलं. चौथ्याने नीट बोलून खोली दिली, सायकल काउंटरच्या मागे ठेवू दिली. पाचवा फोन मी उगाच केला, आपल्याला निवड करता येते हे बघायला.

सायकल सीएसएमटीला सोडवायला दीड तास लागला. गोणपाट एका बाजूने फाटलं होतं, सायकलला ओरखडाही नाही. मालडब्यात एक मासेवाल्या मावशी आणि दोन डबेवाले होते. मावशींनी विचारलं कुठे निघालात. वेंगुर्ल्याला, म्हटलं. त्यांनी टोपली सरकवून चाकाला जागा करून दिली.

आज सकाळी पूर्ण वजन घेऊन येऊर चढले. तीनदा उतरले. वरून परत येताना मागून खडखड ऐकू आली. कॅरिअरचा डावीकडचा बोल्ट निम्मा बाहेर आला होता. वर्ध्यात रिकाम्या सायकलवर तो सहा वर्षं हलला नव्हता. जांभळी नाक्याला लॉकनट मिळाले, चार बसवले, चार जवळ ठेवले. ऐरोलीचे दादा, हे तुमच्यामुळे.

मिसळ कालच खाल्ली. शेजारी बसलेल्या मुलाने पाव उरला म्हणून माझ्याकडे सरकवला, मी घेतला. एवढंच झालं, पण माझ्या लक्षात राहील.

संध्याकाळी भावजी आणि जाऊबाई तलावपाळीवर आले. त्यांची एकादशी, म्हणून आम्ही शहाळं प्यायलो. भावजी कठड्यावर बसून राहिले आणि जाऊबाई म्हणाल्या, मला तुमची खोली बघायची आहे. वर आल्या. पलंगावर बसल्या, खिडकी उघडली, खाली रिक्षांची रांग बघितली. कडी लावून बघितली. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. त्या म्हणाल्या, “खोली छान आहे. मी बावीस वर्षं ठाण्यात आहे, अशी एकटी कधी बसले नाही.” मग आम्ही दोघी तिथे अर्धा तास बसलो. जाताना डबा दिला. रेवसला पोचल्यावर उघडा, आधी नाही, असं बजावलं.

दिवे चार्ज झाले आहेत. साडेचारचा गजर लावला आहे.

मोरपिसारा

ताई, शुभेच्छा. पोचलात की लिहा. मी वाट बघते आहे.

पवनारकाठ

अलिबागला पोचले.

नेरूळला पावणेसातला होते. गाडी थोडी उशिरा होती. करंज्याला पावणेनऊ. द्रोणागिरी, तुमचं गणित तंतोतंत खरं. पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीला लागलं होतं, सायकल एका पोराने आणि मी मिळून सहज आत घेतली. लाँचमध्ये कठड्याला धरून उभी राहिले, तोंड पाण्याकडे.

डब्यात धपाटे होते, शेंगदाण्याची चटणी आणि वेगळ्या पुडीत गूळ. रेवसच्या धक्क्यावर बसून खाल्ले. दोन उरले ते संध्याकाळी.

उद्या रेवदंड्यावरून मुरूड. परवा आगरदांड्याहून दिघीची बोट घ्यायची आहे. सकाळची पहिली कितीला असते, कुणाला नक्की माहीत आहे का?